पहिलीतल्या दोन जागा

एका गावात एक भोळा कल्हईवाला होता. भोळा हा शब्द मी आपला मायेनं वापरतोय. गावातली माणसं दुसराच वापरायची, पण समोर पोरंबाळं बसलीत, तेव्हा तो राहू द्या. त्याचं नाव गुणाजी. कल्हई अशी लावायचा की पातेल्यात तोंड बघून घ्यावं. पण सांगितलेलं काम मात्र सांगितलं तेवढंच करायचा. एकदा बायको म्हणाली, "अहो, वाळवणावर लक्ष ठेवा." ती नदीवर गेली आणि इकडं शेळी आली. शेळीनं सगळ्या कुरडया खाल्ल्या. गुणाजीनं शेवटच्या कुरडईपर्यंत लक्ष ठेवलं होतं.

बायकोचं नाव ठकू. तिनं शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. लहानपणी शाळेच्या वेळात ती भावंडं सांभाळायची आणि भावंडं मोठी झाली तोवर तिचं लग्न झालं. म्हणून तिनं एक गोष्ट मनाशी पक्की केली होती. आपली गोदी आणि आपला केरू शाळेत जाणार म्हणजे जाणार. पण गावात शाळाच नव्हती. अशात ठकूच्या मामांनी तालुक्याला एका भांड्यांच्या दुकानात गुणाजीला काम लावून दिलं. ठकूला तर आभाळच ठेंगणं झालं.

ती म्हणाली, "अहो, बिऱ्हाड हलवायचं तर आधी चांगली आळी बघा. पोरं लहान आहेत. घर असं बघा की घरात बसून शाळेची घंटा ऐकू आली पाहिजे. आलं ध्यानात?"

"आलं," गुणाजी म्हणाला.

त्याच्या ध्यानात सगळं यायचं. घोळ व्हायचा तो त्याच्या पुढं.

गुणाजी तालुक्याला गेला. एका आळीत शाळा होती, समोर नीटनेटकी घरं होती, अंगणात तुळशी होत्या. गुणाजी कान देऊन उभा राहिला. घंटा काही वाजेना. वाजणार कशी? रविवार होता. "मुकी शाळा दिसतेय," असं म्हणून तो पुढं गेला. हिंडत हिंडत गावाच्या टोकाला आला आणि काय सांगू! घंटाच घंटा! एक थांबली की दुसरी, दुसरी थांबली की तिसरी. शेजारी एक खोलीही रिकामी होती. दारात एक गवळी उभा होता.

गुणाजी म्हणाला, "माझी दोन घालायचीत इथं. जमेल?"

"जमेल की," गवळी म्हणाला. "पण वैरण तुमची."

"डबा आम्हीच देणार. मारत नाही ना कुणी?"

"एक मारकी आहे. तिच्यापासनं लांब बांधू."

"आणि दुपारी?"

"दुपारी डबक्यात बसतात."

गुणाजी हरखून गेला. तडक घरी आला आणि म्हणाला, "ठकू, झालं काम! घंटा अखंड वाजते. पोहायलासुद्धा शिकवतात."

ठकूनं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "अहो, तो म्हशींचा गोठा! नुसती घंटा ऐकून काय करायचं? पोरं बघायची, पोरं! जिथं आईबाप पोरांना घेऊन रांग लावून उभे असतात, ती शाळा चांगली. तिथं आपणही रांगेत उभं राहायचं. आलं ध्यानात?"

"आलं. तू आधीच सांगायचंस."

दुसऱ्या खेपेला त्यानं पोरांनाही बरोबर घेतलं. एवढ्या लांब आपण चाललोच आहोत तर नावं घालूनच येऊ, असा त्याचा विचार. बाजारातनं जाताना त्याला एक पांढरी इमारत दिसली. बाहेर ही लांब रांग! कडेवर पोरं, बोटाला पोरं, पाठुंगळीला पोरं. गुणाजीनं गोदीला पुढं धरलं, केरूला मागं धरलं आणि रांगेत घुसला. आतनं पोरांच्या रडण्याचे आवाज येत होते. गुणाजीनं मान डोलावली. शिस्त कडक दिसत होती.

आत पांढऱ्या साडीतली बाई बसली होती. तिनं पोरांची नावं विचारली, लिहून घेतली आणि दोघांच्या दंडांत एकेक सुई टोचली. दोघांनी मिळून असा सूर लावला की बाहेरची रांग दोन पावलं मागं सरकली.

गुणाजीनं हात जोडून विचारलं, "बाई, उद्या किती वाजता पाठवू?"

"उद्या नाही. आता सहा महिन्यांनी आणा."

घरी आल्यावर तो म्हणाला, "ठकू, शाळा बरी आहे, पण सुट्ट्या फार देतात."

ठकूनं पोरांचे सुजलेले दंड बघितले. आता हिला रडावं की हसावं कळेना. लस टोचून झाली हे एका परीनं बरंच झालं होतं, पण ते गुणाजीला सांगायची सोय नव्हती. पुन्हा नेऊन टोचून आणली असती. ती म्हणाली, "अहो, कुठंही आत शिरायच्या आधी दारात चौकशी करायची. खायला देतात का, काही हातकाम शिकवतात का, पोरं पळून तर जात नाहीत ना, फी किती. चार प्रश्न विचारावेत माणसानं! आलं ध्यानात?"

"आलं. आता नाही चुकायचो."

तिसऱ्या खेपेला गुणाजी चारही प्रश्न घोकत निघाला. गावाबाहेरच्या सडकेला एक दांडगी इमारत होती. दगडी भिंत, लोखंडी दार, दारात खाकी कपड्यांतला शिपाई. आतली सगळी माणसं एकाच रंगाच्या कपड्यांत. गुणाजीनं अशी टापटीप कुठल्या शाळेत बघितली नव्हती. खरं म्हणजे त्यानं शाळाच बघितली नव्हती.

"रामराम शिपाईदादा. आत खायला देतात का?"

"दोन्ही वेळ," शिपाई म्हणाला. तो सकाळपासून एकटाच उभा होता. त्यालाही बोलायला कुणीतरी हवंच होतं.

"हातकाम?"

"सतरंज्या विणतात. बाग करतात."

"पळून जातात का?"

"माझ्या पहाऱ्यात? नाव नको!"

"आणि फी?"

"फी कसली? सगळा खर्च सरकारचा."

गुणाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. "एकदा बाहेर पडलेले इथली आठवण ठेवतात का हो?"

"आठवण? काही तर बाहेर पडतात आणि महिन्याभरात परत येतात."

"वा! इतकी गोडी! मग माझी दोन घ्या."

"काय केलंय त्यांनी?"

"अजून काहीच नाही. लहान आहेत. सगळं इथंच शिकतील."

शिपायानं गुणाजीकडं खालपासून वरपर्यंत बघितलं. "अहो, हा तुरुंग आहे. इथं यायचं तर आधी चोरीबिरी करावी लागते."

गुणाजी मान खाली घालून परतला. दारातनंच म्हणाला, "ठकू, शाळा फार उत्तम होती. पण आपल्या पोरांना नाही मिळायची. आधी चोरी करता यावी लागते. आपण पोरांना घरी काहीच शिकवलं नाही."

ठकू त्या दिवशी जेवली नाही. शाळा भरायचे दिवस जवळ आले होते आणि पोरं अजून उंबऱ्यातच होती. सकाळी तिनं पदर खोचला आणि स्वतः तालुक्याला गेली. दुपारपर्यंत तिनं तीच तुळशीची आळी बघितली, शाळेसमोरची खोली ठरवली आणि हेडमास्तरांनाही भेटून आली. मास्तर म्हणाले, "पहिलीत दोनच जागा उरल्यात. शाळा भरेल त्या दिवशी जो आधी येऊन बसेल, त्याचं नाव पटावर. नंतर साहेब येऊन सही करतात. मग माझा नाइलाज."

आता दोन जागा आणि दोन पोरं. याच्यात चुकण्यासारखं काही आहे का? नाही ना? ऐका तर मग.

शाळा भरायच्या दिवशी सगळं बिऱ्हाड एसटीत चढलं. गुणाजीनं गोदीला एका जागेवर बसवलं, केरूला दुसऱ्या जागेवर बसवलं आणि आपण बोचकं डोक्यावर घेऊन उभा राहिला. पुढच्या थांब्यावर माणसं चढली. कंडक्टर आला आणि खेकसला, "ओ पाव्हणं! बारक्या पोरांना कशाला जागा अडवताय? जागा मोठ्या माणसांना असते. पोरं मांडीवर घ्या!"

गुणाजी गडबडला. त्यानं ठकूकडं बघितलं. ठकू म्हणाली, "बरोबर बोलतायत ते. तुम्ही बसा, पोरांना मांडीवर घेऊ. जनरीत असते ती."

गुणाजी बसला. जनरीत त्याच्या ध्यानात आली.

गाडीला वाटेत उशीर झाला. तालुक्याला उतरेपर्यंत शाळेची वेळ होत आली होती. पोरांची तोंडं धुळीनं भरली होती आणि केरूनं वाटेतच ओकारी केली होती. ठकूच्या जिवाचं पाणी पाणी झालं. ती म्हणाली, "अहो, तुम्ही पळा! पहिलीच्या वर्गात जाऊन दोन जागा धरा. मी पोरांना धुऊनपुसून घेऊन येते. कुणी काही म्हणो, जागा सोडू नका. आलं ध्यानात?"

"आलं!" म्हणून गुणाजी जो पळत सुटला तो थेट पहिलीच्या वर्गात. खरोखरच दोन जागा रिकाम्या होत्या. एकीवर तो बसला, शेजारच्या जागेवर रुमाल टाकला. एक बाई आपला मुलगा घेऊन आली. गुणाजी म्हणाला, "माणूस येतंय." एक आजोबा नात घेऊन आले. गुणाजी म्हणाला, "माणूस येतंय." सगळ्या जन्मात त्याला सांगितलेलं एवढं बरोबर जमलं नव्हतं. त्याची छाती फुगली.

हेडमास्तर पट घेऊन आले. बरोबर साहेब होते, आणि साहेबांना पुढं आणखी शाळा बघायच्या होत्या. मास्तरांची मान पटातनं वर यायला तयार नव्हती. बाकामागून बाक नाव विचारत आणि लिहीत ते चालले होते.

"नाव?"

"गुणाजी."

"बापाचं?"

"सावळाराम."

"आवाज बसलाय का रे? गरम पाणी पी. पुढचा?"

तेवढ्यात ठकू धापा टाकत वर्गात शिरली. दोन्ही हातांना दोन पोरं, तेल लावून भांग पाडलेली, नवे कपडे घातलेली. जागा बघून तिचा जीव भांड्यात पडला. ती म्हणाली, "उठा आता. पोरांना बसू द्या."

"पोरांना?" गुणाजी चकित झाला. "अगं, पोरांना कशाला जागा? जागा मोठ्या माणसांना असते. ये, तू बस. गोदीला तू मांडीवर घे, केरूला मी घेतो." आणि त्यानं रुमाल उचलून तिला हात धरून बसवलंच.

"पुढचा? नाव?" मास्तर वर न बघता म्हणाले.

भरल्या वर्गात, साहेबांसमोर, ठकूचं सगळं बोलणंच आटलं. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी पाटी-फळ्याच्या खोलीत तिला नाव विचारत होतं. तिच्या तोंडून निघून गेलं, "ठकू."

"पट भरला," मास्तर म्हणाले. साहेबांनी उभ्याउभ्या सही ठोकली आणि ते निघून गेले. मग मास्तरांनी मान वर केली. गुणाजीच्या मिशा बघितल्या, ठकूचं कुंकू बघितलं. पटाकडं बघितलं, सहीकडं बघितलं.

"मास्तर, माझी पोरं हो!" ठकू म्हणाली.

"सही झाली, बाई," मास्तर म्हणाले. "आता पुढल्या वर्षी. आणि वर्गात मांडीवर पोरं चालत नाहीत. त्यांना बाहेर ठेवा."

गोदी आणि केरू आनंदानं बाहेर पळाली आणि मातीत खेळू लागली. मास्तरांनी खडू घेतला आणि फळ्यावर मोठा अ काढला. ठकूनं पदर तोंडाला लावला आणि ती हुंदके देऊन रडायला लागली.

गुणाजीला फार वाईट वाटलं. तो तिच्याजवळ सरकला, तिच्या पाठीवरनं हात फिरवला आणि हळूच म्हणाला, "उगी, ठकू, उगी. पहिल्या दिवशी सगळीच रडतात."