नीलगिरीचा उचललेला पाय

पूर्वी चंपावती नगरात अरिंदम नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या दरबारात गजाध्यक्ष होते. राजाचे सगळे हत्ती त्यांच्या देखरेखीखाली असत. त्या जन्मी त्यांचे नाव विशाख होते.

राजाची राणी सुमेधा तापाने वारली. राजाचे दुःख इतके होते की त्याने दवंडी पिटवली, ‘यापुढे या राज्यात मृत्यूचा उच्चार कोणी करू नये. करील त्याची जीभ छाटली जाईल.’ दरबारी कवींना तर पर्वणीच मिळाली. कोणी म्हणे फूल मिटले, कोणी म्हणे पाहुणा परतला. जो गोड बोले त्याला शेला मिळे. वर्षभर त्या नगरात कोणी मेले नाही. स्मशान मात्र रोज धुमसत होते. पावसाळ्याअखेर तापाची साथ आली, तेव्हा पुष्कळ नागरिक देवदर्शनाला गेल्याचे जाहीर झाले. देवदर्शनाला गेलेल्यांसाठी दूषित विहिरी कोण उपसणार? त्या तशाच राहिल्या आणि आणखी लोक देवदर्शनाला गेले. विशाखांना हे दिसत होते. तेही गप्प होते.

राजाला उत्पला नावाची सहा वर्षांची मुलगी होती. विशाखांना ती हत्तीकाका म्हणे. आईबद्दल तिने विचारले तेव्हा धाय म्हणाली, “राणीसाहेब झोपल्या.” प्रधान म्हणाला, “लांबच्या प्रवासाला गेल्या.” पुरोहित म्हणाला, “देवाने बोलावून घेतले.” राजकवी मधुरभाष म्हणाला, “त्यांचा तारा झाला.”

मुलीने सगळ्यांचे ऐकले आणि सगळे खरे मानले. राजा घोड्यावर बसायला निघाला की ती त्याचे जोडे लपवी. देवळात शंख वाजला की कानांत बोटे घाली, देवाने आपल्याला बोलावले तर ऐकू येऊ नये म्हणून. संध्याकाळ झाली की खिडक्या लावून घ्यायला सांगे. “आई एवढ्या लांब जाऊन बसली,” ती धायीला म्हणे, “मी काय केलं होतं?”

आणि ती झोपेनाशी झाली. डोळा लागू नये म्हणून गालात काळी मिरी धरून ठेवी. बसल्या बसल्या मान कलली की दचकून उठे. तिचे डोळे खोल गेले, अंगात ताप राहू लागला.

एकदा विशाख तिच्यासाठी मातीचा हत्ती घेऊन गेले. तिने तो हातातही घेतला नाही. हळूच विचारले, “हत्तीकाका, झोपलेल्या माणसांना जाळतात ना? मी खिडकीतून पाहिलं.”

विशाखांच्या तोंडी उत्तर आले होते. दारात पहारेकरी उभा होता. उत्तर त्यांनी गिळले.

राजवैद्याने नाडी पाहिली तेव्हाही विशाख तिथेच होते. वैद्य राजाला म्हणाला, “महाराज, झोप आली नाही तर ही कळी लवकरच मिटेल.”

“मिटेल? डोळे मिटेल ना?” राजाचा चेहरा उजळला. “मग बरेच झाले. केव्हा?”

 वैद्याला दुसरा शब्द माहीत होता. पण त्याला जीभही होती. राजाने त्याला शेला दिला.

विशाख पायऱ्या उतरले ते मान खाली घालून. त्यांच्या मनात आले, ‘या घरात पोर मरायला टेकली आहे आणि बापाला ते सांगायला भाषा उरलेली नाही. मी जीभ राखली तर ती राखून बोलणार काय?’

दुसऱ्या दिवशी सकाळी गजशाळेतली सर्वांत म्हातारी हत्तीण भद्रा मेली. गजशाळेची एक जुनी रीत होती. कळपातला हत्ती मेला की त्याला लगेच हलवायचे नाही. बाकीच्यांच्या साखळ्या सोडायच्या, त्यांना जवळ येऊ द्यायचे, ते परततील तेव्हाच खड्डा खणायचा. तसे केले नाही तर ते मेलेल्याला शोधत बसतात आणि चाऱ्याला तोंड लावत नाहीत. ही रीत विशाखांनी शेकडो वेळा नव्या माहुतांना शिकवली होती. आज ती त्यांना स्वतःलाच नव्याने कळली.

ते उत्पलेकडे गेले. “चल, भद्राला पाहायला येतेस?”

धाय म्हणाली, “अहो, पोरीला उभं राहवत नाही.”

“मी उचलून नेतो.”

भद्रा मोठ्या वडाखाली कुशीवर पडली होती. माहूत हात जोडून कडेला उभे होते. हत्ती एकेक करून पुढे आले. सोंडेने त्यांनी तिचे कपाळ, तोंड, कानांच्या कडा चाचपल्या. एका हत्तिणीने वडाची डहाळी मोडून तिच्या पाठीवर ठेवली. एवढे प्रचंड प्राणी, पण पाचोळा वाजत नव्हता. शेवटी नीलगिरी आला. लढाईत तटबंदी फोडणारा तो सुळेवाला, त्याने पुढचा पाय उचलला, भद्राच्या अंगावर वितभर उंच धरला आणि तसाच उभा राहिला. पाय टेकवीना, मागेही घेईना.  

मुलगी शयनगृहात नाही हे कळताच राजा धावत आला होता. मागे पहारेकरी आणि मधुरभाष होते. पण समोरचे दृश्य पाहून राजाचे पाय जागीच थबकले.

उत्पलेने विचारले, “भद्रा झोपली?”

विशाखांना मागची पावले ऐकू आली होती. ते वळले नाहीत.

“नाही बाळ. झोपलेली भद्रा कान हलवते. माशी बसली की शेपूट मारते. ही झोपली नाही. ही मेली.”

“मेली म्हणजे?”

“तिचा श्वास थांबला. तिला आता भूक लागत नाही, काही दुखत नाही, भाजत नाही. कितीही हाका मारल्या तरी ती उठणार नाही.”

“कोणी रागावलं म्हणून?”

“नाही. म्हातारी झाली म्हणून.”

“आई म्हातारी नव्हती.”

“नव्हती. तिला ताप आला होता. वैद्यांना तो उतरवता आला नाही.”

मुलीने भद्राकडे पाहिले. “म्हणजे आईपण मेली.”

“हो बाळ. आई मेली.”

“मी झोपले तर मरेन?”

“नाही. झोपलीस तर सकाळी उठशील आणि खायला मागशील.”

उत्पलेने गालातली मिरी थुंकून टाकली. मग नीलगिरीकडे बोट दाखवून ती म्हणाली, “त्याला कळत नाही पाय कुठे ठेवायचा ते. मला पण रोज तसंच होतं. आई होती तिथे पाय ठेवायला जाते, आणि तिथे काही नसतंच.”

वर्षभर शेले पांघरून हिंडणाऱ्या एकाही कवीला हे सुचले नव्हते.  राजा तिथेच धुळीत खाली बसला.

पहारेकरी पुढे झाला. “महाराज, गजाध्यक्षांनी तो शब्द उच्चारला. आज्ञा?”

राजा म्हणाला, “सुमेधा मेली. माझी सुमेधा मेली.” मग त्याने पहारेकऱ्याकडे पाहिले. “आता माझ्या जिभेपासून सुरुवात कर.”

पहारेकऱ्याने शस्त्र खाली ठेवले. उत्पला बापाच्या मांडीवर चढली. “तात, मी झोपू?” तिने विचारले, आणि उत्तराआधीच झोपली. राजा तिच्या नाकापाशी बोट धरून बसला आणि येणारा जाणारा श्वास मोजत राहिला. नीलगिरीने पाय मागे घेतला तेव्हा ऊन वडाच्या माथ्यावर आले होते.

परतताना राजाने विचारले, “विशाख, या कवींना हाकलून देऊ का?”

“कशाला, महाराज? राजकन्येने दिली तीही उपमाच. पण तिने आधी खरे ऐकले, मग उपमा दिली. खरे न सांगता दिलेली उपमा म्हणजे उघड्या विहिरीवर अंथरलेला गालिचा. मोठी माणसे वळसा घालून जातात. पोर त्यावर पाय देते.”

त्याच दिवशी आज्ञा मागे घेतली गेली आणि नगरातल्या विहिरी उपसायला माणसे लागली.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, एका विहारात सांगितली, तेव्हा समोर एक विणकर स्त्री बसली होती. तिचा मुलगा गेल्या महिन्यात मेला होता. शेजारणी तिच्याशी सूत, पाऊस, बाजार, सगळे बोलत. ते एक सोडून. शास्ते म्हणाले, “तेव्हाचा राजा म्हणजे या बाईला घेऊन आलेला, वाटभर तिच्याशी एक शब्दही न बोललेला तिचा नवरा. मधुरभाष म्हणजे माझ्या पाठीमागे बसलेला, गोड प्रवचने देणारा भिक्षू. उत्पला म्हणजे हीच स्त्री. आणि गजाध्यक्ष विशाख मीच होतो.”

बाईने नवऱ्याकडे पाहिले. “आपला रेवत मेला,” ती म्हणाली.

“हो,” नवरा म्हणाला. “मेला.” आणि महिन्यात पहिल्यांदा दोघे एकमेकांजवळ बसून रडले.

शास्त्यांनी त्यांना रडू दिले. मग भिक्षूंना म्हणाले, “करुणेने उच्चारलेले सत्य, हीच सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता.”