गुणाजीने डोंगरावरून काय आणलं

एका गावात गुणाजी नावाचा एक भोळा गडी राहत होता. भोळा असं आपण म्हणतो. त्याची बायको अनसा जे म्हणायची, ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. सांगितलेलं तो कधी विसरत नसे, हीच खरी पंचाईत.

लेकाचं नामकरण ठरलं. अनसा म्हणाली, "डोंगरावरच्या विहारात जा, भंतेजींना आवतण द्या. अन् वाटेत कुणी भेटलं तर टोणग्यासारखं पुढे जाऊ नका. हातातलं खाली ठेवून वाकून वंदन करा."

"बरं," गुणाजी म्हणाला.

रानवाटेवर आधी भेटलं ते माकड. गुणाजीने भाकरीचं फडकं खाली ठेवलं आणि कपाळ मातीला टेकवलं. डोकं वर केलं, तर भाकरी झाडावर.

एक लाकूडतोड्या हसून गडबडा लोळला. "येड्या, असं वाटेत बसलेलं कुणी दिसलं की काठी आपटायची, अन् हाऽड म्हणून बोंबलायचं!"

"बरं."

पुढे लेण्यापाशी एक भिक्खू डोळे मिटून बसले होते. गुणाजीने काठी आपटली. "हाऽऽड!" भिक्खू टुणकन उडाले, पाण्याचं भांडं दरीत गेलं.

ते मोठ्या कष्टाने शांत राहिले. म्हणाले, "असं करू नये, बाबा. कुणी बसलेलं दिसलं तर शेजारी बसावं. डोळे मिटावेत. श्वासाकडे लक्ष द्यावं."

"बरं."

वरच्या वळणावर घाणेरीच्या झुडपात एक म्हातारी पाय घसरून बसली होती. "बाबा, हात दे रे!" गुणाजी शेजारी बसला. डोळे मिटले. श्वास चांगला चालला होता. तेवढ्यात म्हातारी त्याचे केस धरून आपली आपणच उठली आणि तिने वहाण काढली.

"मुडद्या! म्हातारं माणूस पडलेलं दिसलं की पाठीवर घ्यावं अन् थेट दवाखाना गाठावा!"

"बरं," गुणाजी डोकं चोळत म्हणाला.

विहारात भंतेजी नव्हते, पाण्याच्या टाक्यावर गेले होते. असते, तर आवतण देऊन हा सुखाने परतला असता. आत महापरिनिर्वाणाची मूर्ती होती. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची, पुरुषभर लांब, उजव्या कुशीवर पहुडलेली.

गुणाजी कळवळला. "आजोबा, उठवेना का?"

त्याने आजोबांना अलगद पाठीवर घेतलं.

थोड्याच वेळात अख्ख्या गावाने पाहिलं. पुढे मूर्ती पाठीवर घेऊन पळणारा गुणाजी, मागे चीवर सावरत पळणारे भंतेजी, त्यांच्या मागे ती म्हातारी.

दवाखान्यात डॉक्टरांनी चष्मा पुसला. पुन्हा लावला. काय विचारावं सुचेना, म्हणून सवयीनं विचारलं, "कधीपासून पडून आहेत?"

गुणाजीने भंतेजींकडे पाहिलं.

"अडीच हजार वर्षं," भंतेजी धापा टाकत म्हणाले.

गुणाजीने कपाळावर हात मारला. सगळ्यांवरून एक तुच्छ नजर फिरवली.

"अन् इतक्या वर्षांत तुमच्यातल्या एकालाही दवाखाना सुचला नाही?"