गेरूचा टिळा आणि डोहातली पाणमांजरी

डोंगराच्या पायथ्याशी एक दाट जंगल होते आणि त्या जंगलातल्या नदीच्या डोहात एक पाणमांजरी आपल्या पिल्लांसह राहत असे. तिची आईही त्याच डोहात वाढली होती. उन्हाळ्यात नदी आटली, की साऱ्या जंगलाला त्या डोहाचाच काय तो आधार उरे. म्हणून पळस फुलला, की सगळे प्राणी काठावर जमत आणि डोहाचा कारभार कोणी पाहायचा ते ठरवत. वाळूत दोन खळगे खणलेले असत. ज्याला जो कारभारी हवा, त्याने त्याच्या खळग्यात एक खडा टाकायचा. गव्यालाही एकच खडा आणि सशालाही एकच.

काही वर्षांपासून हा कारभार वानरांकडे होता. काठावरच्या जुन्या वडात वनदेव राहतो, अशी जंगलाची श्रद्धा होती आणि वानर त्या वडाचे पुजारी होते. मुख्य वानर नेहमी म्हणे, "राज्य आम्ही करत नाही, देव करतो. आम्ही नुसते त्याचे हात." पण यंदा त्या हातांनी डोहच कवटाळायचे ठरवले होते. डोह देवाचा, तेव्हा पाण्यावर कोणी यायचे आणि कधी यायचे, हे यापुढे वानरच सांगणार होते. हे ऐकून गवा त्यांच्याविरुद्ध उभा राहिला. तो एवढेच म्हणाला, "पाणी सगळ्यांचं आहे आणि सगळ्यांचंच राहील."

मुलांनो, आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. आदल्या वर्षी टेकडीपलीकडचे काही कोल्हे गुपचूप येऊन खडे टाकून गेले होते. ते पाहिले होते या पाणमांजरीनेच आणि तक्रारही तिनेच केली होती. त्यामुळे मुख्य वानराने जेव्हा फांदीवरून जाहीर केले, "यंदा ओळख पटल्याशिवाय कोणालाही खडा टाकता येणार नाही," तेव्हा सर्वांत जास्त आनंद तिलाच झाला. ती पिल्लांना म्हणाली, "बरं झालं. आता लबाडी चालायची नाही."

ओळख कशी पटवायची, ते दुसऱ्या दिवशी कळले. वडाखाली जायचे, वनदेवापुढे मान तुकवायची आणि वानराच्या हातून कपाळावर गेरूचा टिळा लावून घ्यायचा. ज्याच्या कपाळी टिळा, तो या जंगलाचा. पाणमांजरीला हे थोडे चमत्कारिक वाटले. पण वनदेवावर तिचाही विश्वास होता. ती वडाखाली गेली, तिने मनापासून मान तुकवली आणि टिळा लावून घेतला. मग पिल्लांना भरवायला ती डोहात शिरली. वर आली तेव्हा कपाळ कोरे होते.

ती पुन्हा गेली. वानराने पुन्हा टिळा लावला. पाण्यात शिरताच तो पुन्हा धुऊन गेला. आता पाणमांजरीने पाण्यात जायचे नाही, तर राहायचे कुठे आणि खायचे काय? तीच गत बेडकांची झाली, तीच कासवाची. साळिंदराचे तर आणखीच अवघड झाले. त्याच्या काट्यांच्या भीतीने कोणी वानर त्याच्या जवळच जाईना. आणि नवल पाहा, डोहावाचून ज्यांचे एक दिवसही चालत नव्हते, नेमके तेच कोरे राहिले!

खडे टाकायच्या दिवशी काठावर रांग लागली. पाणमांजरी पुढे आली, तसे मुख्य वानराने तिच्या कपाळाकडे पाहून तोंड फिरवले. "टिळा नाही. बाजूला हो."

"लावला होता की तुम्हीच! पाण्याने गेला."

"पाण्याने नाही गेला, देवाने काढून घेतला. तुझ्या भक्तीतच काही खोट असेल," वानर शांतपणे म्हणाला.

पाणमांजरीच्या अंगावर जणू निखारा पडला. ती काही बोलणार, तोच मागचा एक कोल्हा तिला ढकलून पुढे झाला. त्याच्या कपाळावर ठसठशीत टिळा होता. वानराने हसून त्याला वाट दिली आणि कोल्ह्याने वानरांच्या खळग्यात खडा टाकला. पाठोपाठ त्याच्या टिळेवाल्या जोडीदारांनीही टाकले.

"अहो, हा तर टेकडीपलीकडचा!" पाणमांजरी ओरडली. "गेल्या वर्षी चोरून आला होता, तोच हा! याचं बीळ इथे नाही, याची पोरं इथे नाहीत!"

"बीळ कुठेही असो, त्याची श्रद्धा इथे आहे," वानर म्हणाला. "ओळख घरावरून ठरत नाही, श्रद्धेवरून ठरते."

"आणि श्रद्धा तुम्हाला दिसते कशी हो? तुम्हाला दिसतो तो गेरू! मी ओळख मागितली होती ती चोर बाहेर राहावेत म्हणून. तुम्ही चोराला टिळा लावून आत घेतलंत आणि आम्हा घरच्यांना दारात उभं केलंत!"

"देवाच्या कारभारात तोंड घालू नकोस," वानराने दम दिला. तिच्या मागे उभे असलेले कासव खाली मान घालून पुटपुटले, "जाऊ दे ताई. आपलंच काहीतरी चुकलं असेल." आणि ते हळूहळू तिथून निघून गेले. त्याची ती पाठमोरी चाल पाहून पाणमांजरीला स्वतःच्या अपमानापेक्षाही जास्त चीड आली. आयुष्यभर कोणाच्या वाटेला न गेलेला जीव, आणि त्याला स्वतःचीच लाज वाटावी!

रांगेत पुढचा नंबर म्हाताऱ्या सांबरिणीचा होता. साऱ्या जंगलात तिच्याइतके भाविक कोणी नव्हते. पहाट झाली, की ती वडाखाली जाऊन उभी राही. पाऊस असो, थंडी असो, तिने ते कधी चुकवले नव्हते. बिबट्याची चाहूल लागताच ती ओरडून इशारा देई आणि त्या इशाऱ्यावर वानरांची कितीतरी पिल्ले वाचली होती. तिला पाहताच मुख्य वानर अदबीने म्हणाला, "या आजी, या. तुमच्यासारख्यांसाठीच हा नियम आहे."

सांबरीण खळग्यांकडे गेलीच नाही. ती शेजारच्या ऐनाच्या झाडाकडे वळली आणि त्याच्या खरबरीत खोडावर तिने कपाळ जोराने घासले. गेरू पुसला गेला, थोडे कातडेही सोलले. मग ती वानरापुढे येऊन उभी राहिली.

"आता ओळख मला," ती म्हणाली.

वानर गडबडला. सगळे जंगल त्याच्याकडे पाहत होते. ओळखतो म्हणावे, तर नियम मोडत होता. शेवटी नजर चोरत तो म्हणाला, "टिळा नाही, तर मी तुम्हाला ओळखत नाही."

सांबरीण काठावरच्या सगळ्यांकडे वळली. ती म्हणाली, "ऐकलंत सगळ्यांनी? तो टिळा मी देवासाठी लावत होते रे! माझ्या देवाला तू पहारेकऱ्याच्या कामाला जुंपलंस. मला वाईट वाटतं ते त्याचं."

एक चितळ पुढे झाले आणि त्याने झाडावर कपाळ घासले. पाठोपाठ रानडुकराने चिखलात डोके खुपसले. भेकर, ससा, नीलगाय, एकामागून एक सगळे कोरे होऊन उभे राहिले. टिळा उरला तो फक्त वानरांच्या आणि कोल्ह्यांच्या कपाळावर.

तेव्हा पाणमांजरी खळग्यांच्या मधोमध जाऊन म्हणाली, "ओळख हवीच आहे ना? मग शेजाऱ्याने शेजाऱ्याची द्यावी." सर्वांना ते पटले. "या साळिंदराला कोण ओळखतं?" असे विचारताच रानडुक्कर गुरगुरले, "मी. याने माझ्या वाटेत काटे टाकलेत!" सगळे हसले आणि साळिंदराने खडा टाकला. पाणमांजरीला तर अर्धे जंगल ओळखत होते. मग कोणीतरी विचारले, "आणि या कोल्ह्यांना?" कोणीच बोलले नाही. कोल्ह्यांनी वानरांकडे पाहिले. पण एवढ्या जंगलासमोर खोटी ग्वाही द्यायची वानरांचीही छाती झाली नाही. कोल्हे शेपट्या पाडून टेकडीकडे चालते झाले आणि जितके कोल्हे, तितके खडे वानरांच्या खळग्यातून बाहेर काढण्यात आले.

डोहाचा कारभार गव्याकडे गेला आणि पाणी सगळ्यांना मोकळे राहिले. वडाची पूजा वानरांकडेच राहिली, त्याला कोणाचीच हरकत नव्हती. पाणमांजरी मात्र संध्याकाळभर कासवाला शोधत होती. ते सापडले तेव्हा खडे मोजून झाले होते. "तुझा खडा राहिला रे दादा," ती म्हणाली. कासव म्हणाले, "असू दे, गवाच निवडून आला ना?" पण तिला ते असू द्यावेसे वाटेना. "तुला घालवून दिलं, ते भरून निघालेलं नाही," ती म्हणाली आणि रागाने तिचे डोळे भरून आले.

तात्पर्य : देवाचे नाव सांगून कोणाचे मत मोजायचे हे जो राज्यकर्ता ठरवतो, त्याला चोर पकडायचे नसतात, नकोसे वाटणारे गाळायचे असतात, आणि तसे करताना तो प्रजेचा हक्क आणि देवाचा मान, दोन्ही लुटतो.