हातभर खडक

एका डोंगरी गावात एक शहाणी बाई होती आणि बाकी सगळे पुढारी होते. गाव ज्यू लोकांच्या यहुदिया मुलखातलं. राज्य रोमच्या बादशहाचं. बादशहा दूर होता, पण त्याचे शिपाई उशाशी होते. ते जनावरं ओढून न्यायचे, तरण्या पोरांना वेठीला धरायचे आणि वर देवाधर्मावरही हात टाकायचे. शेवटी लोक चिडले आणि बंड करून उठले. त्यात गावाचं काहीच चुकलं नाही. चुकलं ते पुढे.

बाईचं नाव तिर्झा. तिचा थोरला भाऊ अबीशय हा वरच्या आळीचा पुढारी. तिची लेक याएल खालच्या आळीत दिलेली, आणि याएलचा सासरा मत्तथ्या हा खालच्या आळीचा पुढारी. एकीकडे भाऊ, दुसरीकडे व्याही, आणि मध्ये तिर्झा. दोघांनाही रोमन नको होते. दोघांनाही एका देवाचं राज्य हवं होतं. फक्त त्या राज्यात शेजारी दुसरा बसलेला दोघांनाही चालणार नव्हता. मत्तथ्याच्या आजोबांनी मागच्या बंडात एका रोमन सरदाराला धोंडा मारला होता, म्हणून मान आपला, असं मत्तथ्या म्हणे. तो धोंडा लागला नव्हता, याची आठवण अबीशय न चुकता करून देई.

उघड्या मैदानात रोमन फौजेपुढे उभं राहणं म्हणजे मरण, एवढं सगळ्यांना कळत होतं. म्हणून त्या मुलखात लोक घरांखालचा खडक कोरून लपायच्या खोल्या करत. वाटा इतक्या अरुंद की रांगतच जावं लागे. चिलखत घातलेला शिपाई मध्येच अडकून बसे. आत शिरण्याच्या तोंडावर रांजण ठेवला की वरून काही कळत नसे. हवेसाठी शेतात उघडणारी बारीक भोकं तेवढी असत. या गावानंही तसंच करायचं ठरवलं. वरच्या आळीखाली धान्याचं जुनं कोठार होतं आणि खालच्या आळीखाली पाण्याचं टाकं. दोन्हीकडून खोदत यायचं आणि मध्ये भेटायचं, म्हणजे सगळ्यांना भाकरीही मिळेल आणि पाणीही. इतकी चांगली युक्ती या गावाला सुचली, हेच नवल.

लोक राबले. दोन्हीकडच्या छिन्न्यांचा आवाज एकमेकांना ऐकू येऊ लागला. मध्ये फक्त हातभर खडक उरला, आणि तिथे काम थांबलं.

का? तर दारावरून. दोन भुयारं मिळणार तिथे दगडी दार बसवायचं होतं, आणि त्या दाराला अडसर लागतो एकाच बाजूने.

अबीशय म्हणाला, “अडसर आमच्या बाजूला. उद्या रोमन तुमच्याकडून शिरले तर?”

मत्तथ्या म्हणाला, “आणि तुमच्याकडून शिरले तर? अडसर आमच्याच बाजूला.”

तिर्झा म्हणाली, “मग दोन दारं बसवा. ज्याचं त्याने लावावं.”

दोघे विचारात पडले. तिर्झाला वाटलं, सुटलो. तेवढ्यात अबीशयने विचारलं, “पण आधी कोणाचं बसवायचं?”

तिर्झाने कपाळावर हात मारून घेतला. आता या माणसांना काय म्हणावं? ती भावाकडे गेली, व्याह्यांकडे गेली, परत भावाकडे आली. हेलपाटे घालून तिच्या वहाणा झिजल्या. “दादा, याएलचे दिवस भरत आलेत,” ती भावाला म्हणाली. “खालच्या आळीत दाणा नाही. पोर खाईल काय?” भाऊ म्हणाला, “तिच्या सासऱ्याला विचार.” मग ती व्याह्यांना म्हणाली, “व्याहीबुवा, सून तुमची, नातवंडही तुमचंच येणार आहे.” ते म्हणाले, “म्हणूनच तर! माझी सून कोणाच्या मेहेरबानीवर जगणार नाही.” सगळं पालथ्या घड्यावर पाणी. आणि गावकरी? गावकरी म्हणत, दोघांचंही बरोबर आहे. असं म्हटलं की माणसाला घरी जाऊन स्वस्थ झोपता येतं.

मग रोमन आले. त्यांना ना वरच्या आळीचं देणं होतं ना खालच्या आळीचं घेणं. तिर्झा त्या वेळी लेकीकडेच निघाली होती. आळीच्या तोंडाशी धुळीचे लोट दिसले आणि अबीशयने तिला दंडाला धरून भुयारात ओढलं. वरची आळी धान्यापाशी लपली, खालची पाण्यापाशी. प्रत्येकाने जाताना जमेल ते बरोबर घेतलं होतं. वरच्यांच्या घागरी लवकरच आटल्या. खालच्यांची पोती लवकरच रिकामी झाली. वरच्यांची पोरं दगडाला आलेला ओलावा चाटू लागली. कोरडा गहू टाळूला चिकटायचा, गिळवायचा नाही. खालचे लोक पोटभर पाणी पिऊन भुकेने तळमळत होते.

मधल्या खडकात एक चीर होती. तिच्यातून सुरीचं पातंही गेलं नसतं, पण आवाज जायचा. तिर्झा त्या चिरेला कान लावून बसलेली असायची.

“आई,” पलीकडून याएलचा आवाज आला, “कळा यायला लागल्यात असं वाटतं.”

“काही खाल्लंस का गं?”

“सासूबाईंनी त्यांच्या वाटचे दाणे दिले होते. आता त्यांच्यापाशीही नाहीत. अंगात त्राणच नाही गं. माझ्याने व्हायचं नाही हे.”

तिर्झा उठली आणि भावाची बाही धरून त्याला चिरेपाशी घेऊन आली. पलीकडून मत्तथ्याही आला. चला, म्हटलं, आता तरी डोकी ठिकाणावर येतील. कसचं काय! दोघांनी चिरेतून पुन्हा अडसराचाच विषय काढला. अबीशयचे ओठ कोरडे पडून फुटले होते, तरी तो म्हणत होता की आधी अडसराचं कबूल करा. मत्तथ्याला भुकेने उभंही राहवत नव्हतं, तरी तो बसल्याबसल्या नाही म्हणत होता. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन म्हणतात, तो असा. इथे तर दोघांचीही नाकं कापली गेली होती आणि भांडण चाललं होतं ते सुरी कोणाची यावर.

तिर्झाने कोपऱ्यातली छिन्नी आणि हातोडी उचलली.

“हे काय करतेस?” अबीशय ओरडला. “आज शब्बाथ आहे!”

“शब्बाथ आहे!” पलीकडून मत्तथ्याही ओरडला.

विसाव्याच्या पवित्र दिवशी खडक फोडायचा नाही, यावर मात्र दोघांचं एकमत झालं. सगळ्या बंडात त्यांचं झालेलं हे एकमेव एकमत.

“जीव वाचवायला शब्बाथ मोडायला हरकत नाही, हे तुम्हीच दोघं पोराबाळांना शिकवत आलात,” तिर्झा म्हणाली. “आता पाठ केलेलं विसरलात की माझी लेक जिवंत माणसांत धरत नाही?”

आणि तिने घाव घातला. तिच्या हातांना सवय नव्हती. साल निघाली, बोटं रक्ताळली. पण ती फोडत राहिली. पलीकडून याएलची सासूही मुसळासारखा एक दगड घेऊन ठोकू लागली. चीर रुंदावली, मग भोक पडलं, मूठ जाईल एवढं. तिर्झाने त्यातून भाजलेल्या गव्हाची पुरचुंडी पलीकडे सारली. कोणीतरी ती घेतली आणि मग तिची बोटं घट्ट धरून ठेवली. लेकीचा हात आईला ओळखावा लागत नाही. मग पलीकडून पाण्याची वाटी आली. तिर्झाने ती आधी पोरांना दिली.

आता इथेच ही गोष्ट संपायला हवी होती. भोक मोठं करायचं, गप्प राहायचं आणि वरचे रोमन कंटाळून जाण्याची वाट पाहायची. कोणत्याही धड माणसाने हेच केलं असतं.

पण मत्तथ्या गरजला, “बघा! करार न करता यांनी भिंत फोडली! दगा आहे हा!”

अबीशयचा आवाज त्याच्याही वर चढला. “दगा तुमचा! तुमच्याही बाजूने घाव पडले. मी कानांनी ऐकलेत!”

“गप्प बसा रे,” तिर्झा हात जोडून म्हणाली. “वर माणसं आहेत.”

ऐकतो कोण? आधी बोलले, मग ओरडले, मग दोन्ही आळ्या आपापल्या पुढाऱ्याच्या बाजूने ओरडू लागल्या. वर शेतात एक रोमन शिपाई आपलं खेचर चारत होता. त्याला जमिनीतून भांडण ऐकू आलं. त्याने वाकून हवेचं भोक शोधलं, दुसरं शोधलं, आणि जाऊन आपल्या नायकाला सांगितलं. रोमनांना तलवार उपसावी लागली नाही. त्यांनी भोकांशी ओलं गवत पेटवलं आणि धूर आत सोडला. खोकत, रडत, डोळे चोळत सगळं गाव एकामागून एक बाहेर आलं.

शिपायांनी सगळ्यांना साखळदंड घातले. कोण कुठल्या आळीचा, हे त्यांनी विचारलं नाही. हाताला येईल तसे जोडत गेले, आणि अबीशय आणि मत्तथ्या एकाच साखळीत आले. आता एकाने पाऊल टाकलं की दुसऱ्याला टाकावंच लागे. तिर्झा लेकीला खांद्याचा आधार देत चालली. संध्याकाळी वाटेवरच्या एका मेंढवाड्यात याएल बाळंत झाली. मुलगा झाला. दोघंही जगली. तेवढं भाजलेल्या गव्हाने आणि देवाने केलं.

दोघे म्हातारे साखळी ओढत बाळ बघायला आले. नाव रीतीप्रमाणे आठव्या दिवशी ठेवायचं, पण यांना कुठला दम! सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

“माझा नातू आहे,” मत्तथ्या म्हणाला. “याला माझ्या आजोबांचं नाव.”

“त्या धोंडा चुकलेल्या आजोबांचं?” अबीशय म्हणाला. “याचा जीव माझ्या बहिणीने वाचवला. नाव आमच्या घरातलं.”

तिर्झाने बाळाला लुगड्यात गुंडाळलं आणि ती दोघांच्या तोंडाकडे न पाहता बोलली.

“भांडू नका. याचं नाव आता गुलामांच्या बाजारात याला विकत घेईल तो ठेवील.”



तात्पर्य: जो आपल्या माणसापुढे एक पाऊल मागे घेत नाही, त्याला परक्याच्या मागे साखळीने चालावं लागतं, आणि ‘दोघांचंही बरोबर आहे’ म्हणून गप्प बसणाऱ्यांचे पायही त्याच साखळीत येतात.