परवाचं वादळ, आजचं पापलेट

परदेशात लढाई पेटल्याची बातमी सकाळी आली आणि दुपारी बंदरावरच्या पंपावर डिझेल महागलं. द्वारकाबाई कोळणीचं डोकंच फिरलं. पंपाची टाकी तर गेल्या आठवड्यात, जुन्या भावानं भरलेली. मालक रेगेसाहेब तिला म्हणाले, "बाई, भाव पुढचा अंदाज बघून ठरतो. जगाचा बाजार तुम्हाला कळायचा नाही."

संध्याकाळी साहेब पापलेट घ्यायला तिच्याच पाटीपाशी आले. तिनं दुप्पट भाव सांगितला.

"दुप्पट कशासाठी?"

"परवा वादळ येणार, असं रेडिओ सांगतोय. होड्या जायच्या नाहीत."

साहेब भडकले. "अहो, पण हे पापलेट आज पहाटेच जाळ्यात आलंय. यानं कुठं वादळ बघितलं?"

"तुमच्या टाकीतल्या डिझेलनं तरी लढाई कुठं बघितली होती, साहेब?"