चारशे फेऱ्यांचा सूर

“भिंतीतल्या दोनशे तीस व्होल्टचे मी एकशे पंधरा करून आणलेत. हा रेडिओ तेवढेच मागतो. मग अडतंय कुठे, बाई?”

उन्मेषच्या हातात प्लग होता. बाईंच्या टेबलावर जुन्या विमानातला रेडिओ, भंगारबाजार पालथा घालून मिळवलेला. त्याचे वडील, अप्पा, हवाई दलात नेव्हिगेटर होते. त्यांच्या विमानात अस्साच होता. अप्पा वर्षभर कुणाशी बोललेले नाहीत. हा सुरू झाला तर बोलतील, एवढीच आशा. आणि दुसरा रेडिओ मिळणं अशक्य.

राजोपाध्ये बाईंनी प्लग काढून घेतला.

“जळेल.”

“व्होल्ट मोजलेत मी.”

उन्मेष बाईंचाच जुना विद्यार्थी, माझ्यासारखाच. पण हुशार, त्यामुळे जरा ताठ.

बाईंनी पाण्याचा तांब्या आणला.

“ओंजळ कर.”

त्याने केली. बाईंनी धार धरली आणि लगेच म्हणाल्या, “सोड.” पुन्हा धार, पुन्हा “सोड.” ओंजळ काही भरेना.

“ओंजळ म्हणजे रेडिओतला ट्रान्सफॉर्मर. ही विमानातली वीज. सेकंदाला चारशे फेरे, भरायच्या आत उलटते. आता घरातली घे. पन्नासच.”

धार तेवढीच होती. पण बाई “सोड” म्हणेचनात... ओंजळ ओसंडली आणि उन्मेषची पँट चिंब झाली. “हे सांडणं म्हणजेच रेडिओतलं जळणं.”

मला हसू आलं. पण खरं सांगतो, कॉलेजात पानंच्या पानं गणित करून जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते तिथे बसल्या बसल्या कळलं. मनातल्या मनात बाईंना नमस्कार केला.

“मग रेडिओच्या आतला ट्रान्सफॉर्मर बदलतो. पन्नासवर चालणारा घालतो,” उन्मेष म्हणाला.

“पाहुण्याला आपलं जेवण पचेना, म्हणून त्याचं पोट बदलणार?”



बाईंनी कोपऱ्यातलं एक धूड पुढे ओढलं. घरच्या विजेवर फिरणारी मोटर, तिच्या दांड्याला जोडलेला, चारशे फेऱ्यांची वीज काढणारा विमानातलाच जनरेटर.

“घरची वीज फक्त दांडा फिरवेल. रेडिओत तिचा थेंबही जाणार नाही.”

बटण दाबलं... डायल हळूहळू उजळली. आणि खोलीभर एक बारीक, टोकदार सूर भरला.

उन्मेषचे डोळे भरून आले. तो बाईंच्या पाया पडला. मग कानावर हात ठेवून म्हणाला,

“ही कुंईकुंई कसली?”

“चारशे फेऱ्यांची. विमानात सतत कानात असते.”

“पण घरात कशी चालेल? बंद करा ना काहीतरी करून. अप्पांना त्रास होईल.”

बाई तांब्या उचलून आत निघाल्या होत्या. दारात थांबल्या...

“झाला तर बोलतील की.”