संचालकांचा ट्रे

बिझनेस क्लासचं भाडं दुप्पट करून ताटात शिळा भात घालणाऱ्यांनो, तक्रार आली की शिक्षा जेवण वाढणाऱ्या हातांनाच का?

एका विमान कंपनीत हेच चाललं होतं. "जेवण उत्तम, सर्वांना एकच, दोष वाढणाऱ्यांचा," असं संचालक राजोपाध्ये यांनी सहीनिशी जाहीर केलं आणि दोन हवाईसुंदरींना घरी बसवलं. तिसरी पाळी शर्वाणीची. तिच्या बडतर्फीचं पत्र खिशात घेऊनच साहेब विमानात बसले.

साहेब प्रवासाला निघाले, की त्यांचा ट्रे वेगळा शिजवून, वर नावाची चिठ्ठी लावून येई. शर्वाणीने चिठ्ठी काढली आणि तो ट्रे साहेबांच्या शेजारच्या आजोबांना दिला. साहेबांपुढे आला गारढोण भात आणि चामड्यासारखं पनीर.

"माझा ट्रे कुठाय?" साहेब कडाडले.

"सर, सगळे एकच ना? तुमचीच सही आहे. वेगळा असतो म्हणत असाल, तर तसं लिहून द्या आणि त्या दोघींना परत बोलवा."

आजूबाजूचे प्रवासी कान देऊन ऐकत होते. साहेबांनी गार भाताचा घास गिळला. पत्र खिशातच राहिलं.

पडद्यामागे ट्रे आवरताना शर्वाणीच्या वरिष्ठ लोबोबाई म्हणाल्या, "नोकरी वाचवलीस गं पोरी. पण जेवण नाही सुधारायचं. उद्यापासून साहेबांचा ट्रे तेवढा कुलपात येईल."